देणगी की भांडवल?



मंडळ्यांना भेटी देताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. “ताई, आदिवासी बांधव इतके गरीब. त्यांना सरळ मदत द्यायची सोडून तुम्ही बचत गट आणि कर्जाचा व्यवहार का करता? मिशनच्या कामात व्याज कुठून आले?” प्रश्न रास्त आहे, म्हणून या अंकात त्याचे उत्तर देते.

आमच्या पाड्यांवर पावसाळा हा सर्वांत कठीण काळ. भात शेतात उभे असते आणि घरातले संपलेले असते. अशा वेळी सावकाराकडून एक पोते भात आणले, तर कापणीनंतर दीड पोते परत करावे लागते. याला दिढी म्हणतात. रोख पैसे घेतले तर दरमहा शेकडा पाच. म्हणजे १०,००० रुपयांवर वर्षाला ६,००० रुपये नुसते व्याज, आणि मुद्दल तसेच डोक्यावर. ते फेडायला आधी भात जाते, मग बैल जातो, शेवटी उचल घेऊन सारे घर वीटभट्टीवर जाते.

हे दुखणे जुने आहे. तलासरी-डहाणू भागात वारली तरुण लग्नासाठी कर्ज काढत आणि ते फेडण्यासाठी नवराबायको दोघेही जमीनदाराकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला, तो याच गुलामगिरीतून सुटण्यासाठी.

पवित्र शास्त्र याबाबत स्पष्ट बोलते. गरिबाकडून व्याज घेण्यास निर्गम २२:२५ मनाई करते. अनुवाद २४:६ नुसार जाते गहाण ठेवून घ्यायचे नाही, कारण जाते गेले की घराचे पोट गेले. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात तर गहाण पडलेली शेते परत करायला लावली आहेत.

मग गट व्याज का घेतो? ते व्याज कोणाकडे जाते, हे पाहिले पाहिजे. आमचे गट शेकडा दोन दर ठरवतात आणि उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावतात. १०,००० रुपये बारा समान हप्त्यांत फेडले तर वर्षाचे व्याज सुमारे १,३०० रुपये होते. तेही गटाच्या पेटीतच राहते, म्हणजे कर्ज घेणारी बाईच त्याची मालकीण. पावसाने पीक नेले तर गट हप्ता पुढे ढकलतो. शेजारणीची अडचण गटाला ठाऊक असते.

ही वाट जुनीच आहे. जर्मनीत रायफायझेन नावाच्या ख्रिस्ती नगराध्यक्षाने आधी श्रीमंतांच्या दानावर गरिबांसाठी संस्था चालवल्या. दानाचा ओघ आटतो, हे पाहून १८६४ साली त्याने हेडेसडोर्फ येथे शेतकऱ्यांचीच पतसंस्था उभारली. तोच नमुना घेऊन जेज्विट मिशनरी फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन यांनी १९०९ साली रांची येथे आदिवासींसाठी सहकारी पतसंस्था काढली. आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देणाऱ्या १९०८ च्या छोटानागपूर कुळ कायद्यासाठीही ते झटले होते. कायदा जमीन राखतो, पण आषाढात घरात दाणा नसताना पैसा कुठून आणायचा, याची सोय पतसंस्थेने केली. आपल्या वसईतही १९१८ साली कॅथोलिक समाजाने पतसंस्था सुरू केली. तिचीच पुढे बँक झाली.

याचा अर्थ दानाची गरज संपली असा नाही. आजारी, वृद्ध, निराधार माणसाला कर्ज देणे म्हणजे त्याच्या पाठीवर आणखी ओझे. तेथे दानच हवे. पण जिच्या हातात बळ आहे आणि बियाण्यापुरते पैसे नाहीत, तिला भांडवल द्यावे. तुम्ही दिलेले ५,००० रुपये एका गटाकडून परत आले की दुसऱ्या पाड्यावर जातात. तीच देणगी पुन्हा पेरली जाते.

म्हणून विनंती आहे. देणगी पाठवताना ती मदतीसाठी आहे की गटाच्या भांडवलासाठी, हे अवश्य लिहा. आणि पाड्यावरची बाई भाजी घेऊन दारी आली, तर भाव पाडून मागू नका. तुमच्या प्रार्थनांत या गटांची आठवण ठेवा.