जिभेखालची गाठ आणि तिचे उगमस्थान

अरुणावतीच्या काठी वसलेल्या आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी जिभेखाली किंवा खालच्या ओठाच्या आतल्या अंगास निळसर, पाणीदार आणि बहुधा न दुखणारा फोड आला, तर प्रथम त्याकडे दुर्लक्ष होते, मग कोणीतरी तो सुईने टोचून रिता करतो, आणि थोड्याच दिवसांत तो पूर्ववत भरून आला म्हणजे, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे व्यसन बोकाळलेल्या या मुलखात, कर्करोगाच्या धास्तीने सारे घर हवालदिल होते. वस्तुतः हा फोड म्हणजे वाट चुकून साचलेली लाळ असते. ओठ दाताखाली चावला जाऊन ग्रंथीची सूक्ष्म नलिका फाटली, की लाळ तोंडात न उतरता आतल्या मांसल भागात झिरपते आणि शरीर तिच्याभोवती एक पातळ वेष्टन उभारते.

या विकाराची दखल आपल्याकडे फार पूर्वी घेतली गेली आहे. सुश्रुतसंहितेत जिव्हारोगांमध्ये उपजिह्विका सांगितली आहे. जिभेखाली तिच्याच अग्रासारखी सूज, लाळेचा स्राव आणि कंड ही तिची लक्षणे, तर खरवडून क्षार लावणे हा तिचा उपचार. आजच्या जिभेखालील लालागाठीशी हे वर्णन पुष्कळसे जुळते.

पण गाठ रिती केली, तरी तिला लाळ पुरविणारी, बदामाएवढी ग्रंथी जिभेखाली जागच्या जागी राहते, आणि ती अन्न समोर नसतानाही स्रवत असते. म्हणूनच टोचणे व्यर्थ. गाठीचे छत कापून कडा शिवून टाकण्याचा प्रघात असला तरी गाठ पुन्हा उद्भवण्याचा संभव उरतोच. खरा इलाज, माझ्या मते, मूळ ग्रंथीच काढून टाकण्याचा. हे काम नाजूक असते, कारण जबड्याखालच्या ग्रंथीची नलिका तेथूनच पुढे जाते आणि जिभेला संवेदना देणारी मज्जातंतूची शाखा तिला खालून वळसा घालते. म्हणून शल्यविशारद पुष्कळदा नलिकेत बारीक नळी सरकवून तिची जागा निश्चित करतो, मज्जातंतू डोळ्यांसमोर ठेवतो आणि मगच ग्रंथी सोडवून घेतो.

कधी लाळ तोंडाच्या तळाच्या स्नायूतील फटीतून खाली उतरते आणि हनुवटीखाली, गळ्याशी मऊ फुगवटा दिसू लागतो. अशा वेळी गळा चिरलाच पाहिजे असे नाही: गाठीच्या वेष्टनाला स्वतःचे स्रवणारे अस्तर नसल्याने, तोंडातून ग्रंथी काढून साचलेला द्रव निचरू दिला, की पिशवी बहुधा आपोआप आक्रसते. ओठावरच्या लहान गाठीबाबतही तोच न्याय. फोडासोबत त्याच्या बुडाच्या बारीक ग्रंथीही काढाव्या लागतात, आणि हे काम केवळ जागा बधिर करून होते.

काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जावा, असा आग्रह रुग्णाने जरूर धरावा. तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा घट्ट, कठीण गाठ असेल, तर मात्र तो निराळा मामला आहे आणि तेथे दिरंगाई घातक ठरते. तेव्हा आर्णीकरांनी फोड पुन्हा भरला म्हणजे सुईचा मोह टाळावा आणि यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासणीस जावे.