टाळ वाजता ठेवण्याचा हक्क

व्हॉट्सॲप गटांतली भांडणं हा माझा जुना नाद. कुणाला काढलं, कोण रुसून आपणच गेलं, ॲडमिन गप्प का बसला, याच्या हकिगती मी आवडीनं ऐकतो. त्या नादातच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १ मार्च २०२१ चा निकाल वाचला. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. एका सदस्यानं गटातल्या महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिननं त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, उलट हात वर केले. म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. न्यायालयानं तो ॲडमिनपुरता रद्द केला. ॲडमिनला माणूस घेता येतो, काढता येतो. मजकूर पडण्याआधी तपासता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी शिजलेला बेत नसेल, तर एकाच्या शब्दांसाठी दुसरा गुन्हेगार ठरत नाही.

कायद्यानं हे योग्यच. पण त्या बाईंची तक्रार गटात ऐकायची कुणी? बिनपगारी, स्वखुशीनं जमलेल्या माणसांत अधिकार कुठून येतो, याचं जुनं उत्तर दर आषाढीला बारामती-इंदापुरातून चालत जातं: पंढरीची वारी.

तुकोबांची पालखी काटेवाडीला धोतरांच्या पायघड्यांवरून जाते, मेंढ्यांचं रिंगण घेते, बेलवाडीला गोल रिंगण करते, इंदापूर सोडून सराटीला नीरास्नान करून पलीकडे जाते. एवढा जनसमुदाय, पण नोकरीवर कुणी नाही. प्रत्येक दिंडीचा विणेकरी वेगळा, भिशी म्हणजे जेवणाची सोय वेगळी, चालण्याची जागा ठरलेली: रथापुढे की रथामागे, कितव्या क्रमांकावर. मान त्या क्रमांकात असतो आणि भांडणंही त्यावरूनच.

भांडणं आजची नाहीत. तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ साली तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत घालून सोहळा सुरू केला. पुढे देहूकर वारसांत हक्कांवरून वाद वाढले आणि १८३० च्या सुमारास दोन पालख्या झाल्या. ज्ञानोबा माउलींच्या वेगळ्या सोहळ्याची घडी बसवली आरफळच्या हैबतबाबांनी. ते शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. त्यांच्या सोहळ्याच्या शिस्तीत लष्करी वळण दिसतं, ते मला योगायोग वाटत नाही.

त्या शिस्तीतली सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे मुक्कामाच्या तळावरची समाजआरती. पालखी मधोमध, भोवती दिंड्या, टाळ-मृदंगाचा एकच गजर. चोपदार चोप उंचावतो, आरोळी देतो आणि हजारो टाळ क्षणात बंद पडतात. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या निघायची वेळ सांगितली जाते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, मार्ग काढतो. तोवर आरती अडलेली असते.

म्हणजे गप्प करण्याचा हक्क चोपदाराला आणि गप्प न होण्याचा हक्क दिंडीला. एक हक्क दुसऱ्याशिवाय चालत नाही. तक्रारदाराला अर्ज करावा लागत नाही. अवघा समाज खोळंबतो, आणि त्या खोळंब्यामुळेच तक्रार उद्यावर ढकलणं अवघड होतं.

याचे गोडवे गाणं मात्र मला जमत नाही. टाळ वाजता ठेवायला आधी दिंडी हवी, दिंडीला क्रमांक हवा. दिंडीबाहेरच्या मोकळ्या समाजातून एकटं चालणाऱ्या बाईनं काय वाजवायचं? मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या, तेव्हा जातवार वेगळ्या पंगती त्यांना खुपल्या. वेगळी पंगत ही तर कुठल्याच दिंडीची तक्रार नव्हती. ज्या गोष्टीवर सगळ्यांची मूक संमती असते, तिथे चोपदाराचा चोप पोचत नाही.

तरीही गटवाल्यांनी हे पाहावं. निकालानंतर, २०२२ मध्ये, ॲडमिनला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय मिळाली. काढणं होतंच, आता पुसणंही आलं. सगळा गट थांबवून ‘आधी माझं ऐका’ म्हणण्याचा हक्क मात्र सदस्याच्या हाती आला नाही. सोसायटीचा गट असो, माजी विद्यार्थ्यांचा किंवा एखाद्या दिंडीचा: ॲडमिन कोण, हे नंतर ठरवलं तरी चालेल. तक्रार आली की बाकीचं सगळं थांबेल का, हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे.