लहान मुलांची बद्धकोष्ठता : थकबाकी साचू देऊ नये

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणारा रस्ता अजिंठा गावातून जातो आणि पुढे घाट उतरून लेण्यांकडे वळतो. लेणी पाहणारे प्रवासी गावात फारसे थांबत नाहीत. परंतु आसपासच्या खेड्यांचा व्यवहार याच बाजारपेठेत होतो. किराणा, कापड, बी-बियाणे, भुसार अशी दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालविणारी कुटुंबे दुकानाच्या मागे किंवा माडीवर राहतात. अशा घरातील पाच वर्षांचा एक नातू डोळ्यांसमोर आणावा. सकाळी घाईघाईने दूध-बिस्किट, मग शाळेची गाडी, दुपारी दुकानात आजोबांच्या गल्ल्याशेजारी बसून फरसाणाची पुडी, आणि सायंकाळी सूर्यास्तापूर्वी घाईचे जेवण. शौचास तो चार-चार दिवस जात नाही. वेळ आली की दाराआड उभा राहतो, पाय आवळतो, चेहरा लाल होतो. घरातील मंडळी म्हणतात, "बघा, बिचारा किती जोर लावतोय!"

वस्तुतः तो जोर लावीत नसतो. तो मल अडवून धरीत असतो. बद्धकोष्ठतेच्या बहुतेक कथा याच गैरसमजापासून सुरू होतात.

बद्धकोष्ठता म्हणजे केवळ "रोज न होणे" नव्हे. केवळ आईच्या दुधावर असलेले बाळ काही वेळा आठवडाभर शी करीत नाही आणि तरीही ती मऊ होत असेल, बाळ हसतखेळत असेल, वजन वाढत असेल, तर तो आजार मानला जात नाही. तसेच काही महिन्यांचे तान्हे बाळ दहा-पंधरा मिनिटे कण्हून, रडून अखेर मऊ शी करते. पोट दाबणे आणि खालचा स्नायू सैल सोडणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी साधण्याचे कौशल्य त्याला अजून यावयाचे असते. तेथे औषधाची गरज नसते. याउलट मोठ्या मुलास आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शौचास होणे, मल कठीण व जाड असणे, होताना दुखणे, मल मुद्दाम अडवून धरणे आणि चड्डीला डाग लागणे, ही लक्षणे महिनाभर टिकली तर त्यास बद्धकोष्ठता म्हणावे. शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव मुलांत या तक्रारीमागे आतड्याचा कोणताही रोग नसतो. मूळ असते ते दुखण्याच्या भीतीत.

ही भीती कशी जडते, हे समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या तापात, प्रवासात किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडले की मल एकदा कठीण होतो. तो बाहेर पडताना गुदद्वाराशी बारीक चीर पडते आणि मूल कळवळते. पुढच्या वेळी कळ आली की त्यास ते दुखणे आठवते आणि ते अडवून धरते. अडविलेल्या मलातील पाणी मोठे आतडे शोषून घेत राहते. मल आणखी कठीण व जाड होतो आणि पुन्हा दुखतो. काही आठवड्यांत मलाशय ताणले जाते आणि कळ येण्याची जाणीवच बोथट होते. मग साचलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मल झिरपतो व चड्डी खराब होते. घरच्यांना वाटते, मुलास जुलाब लागले, किंवा ते मुद्दाम घाण करते. वास्तविक त्यास ते समजतही नसते.

या टप्प्यावर मुलास रागावले जाते, भावंडांपुढे हसे होते, कधी चापटही बसते. ज्या मुलास शौचाची भीती वाटते, त्यास आता घरच्यांचीही भीती वाटू लागते आणि ते अधिकच आवळून धरते. म्हणून उपचाराचे पहिले पाऊल मोठ्या माणसांनीच उचलावयाचे असते : दोष देणे त्याच दिवसापासून बंद करावे. आजी-आजोबा, काका-काकू, नोकरमाणसे या साऱ्यांनी ते पाळावे. एकत्र कुटुंबात एकानेही टोमणा मारला तरी महिन्याची मेहनत वाया जाते.

हा त्रास तीन वळणांवर विशेष सुरू होतो : वरचे अन्न सुरू होताना, शौचाची सवय लावताना आणि शाळा सुरू होताना. तिसरे वळण आपल्या भागात महत्त्वाचे आहे. शाळेचे शौचालय अस्वच्छ असले, दाराला कडी नसली किंवा पाणी नसले, तर मूल सकाळपासून दुपारपर्यंत अडवून धरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे व पिण्याचे सुरक्षित पाणी शाळेसाठी बंधनकारक केले आहे. पालकांनी शाळेच्या सभेत हा प्रश्न संकोच न करता मांडावा. आपल्या वैद्यकपरंपरेसही हे ठाऊक होते. चरकसंहितेने जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितले, त्यांत मलाचा वेग आहे.

आता घरातील आहाराकडे वळू. मुलास दिवसाला किती चोथा हवा, याचा सोपा हिशेब असा : दोन वर्षांपुढील मुलाच्या वयाच्या आकड्यात पाच मिळवावेत, तितके ग्रॅम. पाच वर्षांच्या मुलास सुमारे दहा ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम मैद्यात जेमतेम तीन ग्रॅम चोथा असतो आणि पांढऱ्या तांदळातही साधारण तेवढाच. गव्हाच्या न चाळलेल्या पिठात अकरा, ज्वारीत दहा, बाजरीत अकरा, तर अख्ख्या मुगात सतरा ग्रॅमच्या घरात. म्हणजे तीस ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक लहान भाकरी तीन ग्रॅम देते आणि तीस ग्रॅम मुगाची उसळ पाच. बिस्किट, टोस्ट, नूडल्स व फरसाण यांनी पोट भरले, तर हा हिशेब कधीच जुळत नाही.

जैन घरांत येथे एक विशेष प्रश्न उभा राहतो. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतात. अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी नसते. काही घरांत सुकामेवाही त्या काळात बंद असतो. कंदमुळे तर नसतातच. मोठ्या माणसांचे पोट सवयीने निभावते, मुलाचे निभावत नाही, असे अनेक मातांना वाटते आणि व्रत व बाळाचे आरोग्य यांत एक निवडावे लागेल अशी धास्ती त्यांना पडते. ती धास्ती अनाठायी आहे. चोथ्याचा मोठा साठा पालेभाजीत नसून धान्य-कडधान्यात आहे, आणि ते तिथीसही चालते. सालीसकट मुगाची डाळ, चवळी, मटकी, हरभरा, तूर, न चाळलेल्या पिठाची पोळी किंवा खाकरा, ज्वारी-बाजरीची भाकरी, आणि एरवी दुधी, दोडका, भेंडी, गवार, पडवळ या फळभाज्या. फळांत पपई, सालासह सफरचंद आणि मोसंबी, जी मराठवाड्याचे स्वतःचे फळ आहे. मोसंबीचा रस काढून देऊ नये. फोडीच खाऊ घालाव्यात. ज्या घरात चालतात तेथे रात्री भिजविलेल्या मनुका सकाळी द्याव्यात. चोथा मात्र एकदम वाढवू नये, नाहीतर पोट फुगते. आठवडाभरात हळूहळू वाढवावा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. चौविहार पाळणाऱ्या घरात डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आधी होतो आणि नवकारशीपर्यंत जवळपास चौदा तास जातात. ज्या बालकाने स्वतः काही नियम घेतलेला नाही, त्यास या काळात पाणी नाकारण्याचे कारण नाही; बद्धकोष्ठता असलेल्या मुलाने हौसेने नियम घेतला असेल, तर आई-वडिलांनी गुरुमहाराजांपुढे अडचण मांडून मार्ग विचारावा. आणि दिवसाचे पाणी दिवसातच भरून निघेल, असे पाहावे : उठताच, शाळेत जाताना, मधल्या सुटीत, घरी येताच आणि सायंकाळच्या जेवणाच्या तासभर आधी. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली दप्तरात जावी आणि ती रिकामी परत यावी. एप्रिल-मे महिन्यांत तर याचा विसर पडूच नये.

तिसरा प्रश्न दुधाचा. "जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे" या मायेपोटी काही मुले दिवसभरात लिटरभर दूध पितात. दुधात चोथा नाही आणि दुधाने भरलेल्या पोटास भाकरीची भूक उरत नाही. वर्षाच्या पुढील मुलास दिवसाला अर्धा लिटरच्या आत दूध पुरे.

मात्र केवळ आहारावर विसंबून राहणे, ही जाणत्या घरांचीही चूक होते. रोजमेळ कितीही नीट लिहिला तरी मागील थकबाकी वसूल झाल्याशिवाय खाते जुळत नाही, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. पोटाचेही तसेच आहे. आत जुना गोळा अडकला असेल, तर वरून चोथा घातल्याने गर्दीच वाढते. आधी तो गोळा डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडाने घ्यावयाच्या औषधाने काही दिवसांत बाहेर काढावा लागतो. यासाठी बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पाण्यात विरघळणारी भुकटी देतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवून मल मऊ करते. ती न मिळाल्यास किंवा न मानवल्यास लॅक्टुलोजचे पातळ औषध असते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

थकबाकी फिटली की खरे काम सुरू होते : रोज एक मऊ, न दुखणारी शौचक्रिया. औषध निदान दोन महिने द्यावे लागते, अनेकदा अधिक; आणि लक्षणे जाऊन महिना उलटल्यावर ते हळूहळू कमी करतात. "आता रोज होतेय" म्हणून आठवड्यातच औषध बंद करणे हे त्रास परतण्याचे मोठे कारण होय. "औषधाची सवय लागेल" ही भीतीही या औषधांबाबत बाळगू नये. आतड्याची बिघडलेली सवय मोडण्यासाठीच ती असतात.

घरगुती उपायांपैकी काही मात्र सोडून द्यावेत. साबणाची कांडी किंवा एरंडेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ आत घालणे, हे आजही घडते. त्याने तेवढ्यापुरते होते. परंतु नाजूक त्वचा भाजते वा ओरखडते आणि भीती दुप्पट होते. एरंडेल, सोनामुखी, बाजारातील अनोळखी चूर्णे मुलास देऊ नयेत. वर्षाआतील बाळास मध देणे तर धोक्याचे आहे; त्यातील जंतूंमुळे दुर्मीळ पण गंभीर विषबाधा होऊ शकते. मध वर्ज्य मानणाऱ्या घरांनी बाळगुटीच्या निमित्तानेही तो आत येऊ देऊ नये.

बसण्याची सवय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. जेवणानंतर मोठे आतडे आपोआप हालचाल करते. म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर व सायंकाळच्या जेवणानंतर मुलास पाच ते दहा मिनिटे शांतपणे बसवावे. कमोड असेल तर पायांखाली पाट ठेवावा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात. भारतीय बैठकीत ही स्थिती आपोआप साधते. हाती मोबाईल देऊ नये. झाले किंवा न झाले, बसल्याबद्दल शाबासकी द्यावी. यासाठी सकाळी पंधरा मिनिटे आधी उठणे एवढाच खर्च आहे. आणि एका वहीत तारीख, झाले की नाही, मल कसा होता, दुखले काय, डाग लागला काय, हे रोज लिहावे. महिनाभराची ती वही डॉक्टरांस शंभर प्रश्नांची उत्तरे देते.

काही खुणा दिसल्यास मात्र घरी थांबू नये. जन्मल्यानंतर अठ्ठेचाळीस तासांत पहिली काळी शी न होणे, पहिल्या महिन्यातच तक्रार सुरू होणे, हिरवी उलटी, फुगलेले ताठ पोट, वजन न वाढणे, ताप, मलातून चिरेपेक्षा अधिक रक्त, पायांत अशक्तपणा किंवा पाठीच्या कण्याशी खळगा वा केसांचा झुपका, यांमागे आतड्याच्या नसांचा जन्मजात दोष, थायरॉइडची उणीव किंवा मज्जारज्जूचा विकार असू शकतो. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ गाठावा. संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, ज्यास सारा जिल्हा 'घाटी' म्हणतो, किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अजिंठ्याच्या दोन बाजूंस आहेत. अंगणवाडी व शाळेत तपासणीस येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकासही ही तक्रार सांगता येते; ती सांगण्याजोगी आहे, एवढे आईस वाटले पाहिजे.

दाराआड उभ्या असलेल्या त्या नातवाकडे पुन्हा पाहावे. त्याच्या आजोबांस दुकानातील प्रत्येक गिऱ्हाइकाची उधारी तोंडपाठ आहे. नातू शेवटचा कधी गेला, हे मात्र घरात कोणासही सांगता येत नाही. ज्या दिवशी ती नोंद घरात सुरू होईल, पोळीचे पीठ चाळणे थांबेल, दप्तरातील बाटली रिकामी येईल आणि कोणी त्यास हसणार नाही, त्या दिवसापासून त्याचे पाय हळूहळू सैल पडतील. लगेच नव्हे, काही महिन्यांत. परंतु पडतील, हे निश्चित.