अकोल्याची पहाट आणि दोन वर्षांचं घड्याळ

मे महिन्यात अकोल्यात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. जरा गारवा येतो तो पहाटे, आणि नेमकं तेव्हाच दीड-दोन वर्षांचं लेकरू टुणकन उठून बसतं. "हे पोट्टं तं कोंबड्याच्या आंधी उठते," आजी कौतुकानं म्हणते. आईला ते कौतुक परवडत नाही. तिचा डोळा लागून जेमतेम चार तास झालेले असतात.

लेकराला पहाट कळते कशी? दोन्ही डोळ्यांकडून निघालेल्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा पुंजका आहे. शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ तिथं चालतं आणि उजेड त्याला रोज वेळ लावून देतो. डोळ्याच्या पडद्यात या कामासाठी वेगळ्या पेशी असतात, हे २००२च्या सुमारास उमगलं. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नव्हेच, उजेड किती आहे तेवढं त्या मोजतात. पापण्या मिटल्या तरी थोडा उजेड झिरपतोच. त्यात मुलांची बाहुली मोठी, भिंग स्वच्छ. मोठ्यांपेक्षा जास्त उजेड आत जातो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना निजण्याआधी तासभर लख्ख उजेडात ठेवलं, तर झोपेची वर्दी देणारं मेलॅटोनिन सरासरी ८८ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास २०१८चा. एक तास, फक्त उजेड!

आता हे वऱ्हाडात आणून बघा. मेअखेरीस अकोल्यात सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो, पण फटफटतं सव्वापाचलाच. डिसेंबरअखेरीस सूर्योदय सातच्या किंचित आधी. लेकरू तेच, पलंग तोच, उजाडण्यात मात्र सव्वा तासाचा फरक. शिवाय भिंतीवरचं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर, आणि अकोला आहे ७७ वर. अंशाला चार मिनिटं धरली तर आपले पाच वाजतात तेव्हा अकोल्याच्या सूर्याच्या हिशेबानं चार अडतीसच झालेले असतात. अमरावती थोडी पूर्वेला, तिथं चार एक्केचाळीस.

"उशिरा निजवलं की उशिरा उठेल" हा घरोघरचा हिशेब इथंच फसतो. उन्हाळ्यात खरी खेळायची वेळ सुरू होते रात्री आठनंतर. जेवणं साडेनऊला, डोक्यावर ट्यूबलाइट. या उजेडानं झोप पुढं ढकलली जाते, आणि पहाटेचा उजेड काही तिच्यासाठी थांबत नाही. लेकराची झोप दोन्ही टोकांनी कुरतडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीनुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपार धरून ११ ते १४ तास झोप हवी. दुपारी कूलरसमोर तीन तास आणि रात्री आठ झाले, तर अकरा भरले. मग पहाटे त्याला पुन्हा निजवण्याचा हट्ट कशाला?

अकरा भरतच नसतील तर संध्याकाळपासून सुरुवात करावी. दिवे मंद, निजण्याची वेळ दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं अलीकडे. मग खिडकी. आपल्याकडे कूलर खिडकीतच बसवलेला, आणि त्याच्या चौकटीभोवती बोटभर फट हमखास असते. सव्वापाचला उजेडाची पट्टी थेट उशीवर! तिथं पुठ्ठा किंवा दुहेरी गोणपाट ठोकावं. पहाटे झोपेची भूक बरीचशी भागलेली असते, म्हणून एरवी न जाणवणारी गोष्टही जागं करते. लाइन गेली, कूलरची घरघर थांबली, की त्या शांततेनंच डोळे उघडतात. शरीराचं तापमानही त्याच सुमाराला सर्वांत खाली असतं. रात्री हवासा वाटणारा वारा तेव्हा झोंबतो. पायाशी पातळ चादर असू द्यावी. गच्चीवर झोपणाऱ्यांसाठी मला तरी इलाज सुचत नाही.

आणि पाचला उठल्या उठल्या हातात मोबाइल देऊ नये. तोही उजेडच, वर बक्षीस. लेकरू झोपेत रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, तर मात्र पुठ्ठ्याच्या नादी न लागता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.