अंधारात चमकणारं घड्याळ आणि कंपनीचा बचाव

रात्री हिरवट आकडे चमकणारं गजराचं घड्याळ तुमच्यापैकी कित्येकांच्या उशाशी असेल. माझ्या वडिलांकडेही होतं. त्या काळच्या बऱ्याच घड्याळांच्या रंगात रेडियम असे. (असं जुनं घड्याळ घरात असेल तर ते उघडून रंग खरवडू नका, एवढंच.)

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी तरुण मुली हा रंग तबकड्यांवर भरीत. टोक बारीक व्हावं म्हणून ब्रश ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. रोज थोडा रंग पोटात जाई. आपलं शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि तिथे त्याचे किरण वर्षानुवर्षं काम करत राहतात. आधी दात हलले, मग काढलेल्या दाताची जखम भरेना, पुढे जबडाच कुजला. काहींना रक्तक्षय झाला, काहींना हाडांचा कर्करोग.

१९२४ मध्ये युनायटेड स्टेट्स रेडियम कंपनीने हार्वर्डच्या डॉ. सेसिल ड्रिंकर यांच्याकडून कारखाना तपासून घेतला. दोष रेडियमचाच, असं त्यांनी लिहून दिलं. कंपनीने तो अहवाल दाबला आणि सरकारी कामगार खात्याला मुली ठणठणीत असल्याचं कळवलं. फिर्याद यायच्या आधीच बचावाची फाईल तयार!

१९२७ मध्ये ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघींनी दावा लावला. कंपनी म्हणाली, दाव्याची मुदत दोन वर्षांची, ती कधीच संपली. आता काम सोडल्यावर काही वर्षांनी दिसणारा आजार दोन वर्षांत दाखवायचा कुणी? अखेर जून १९२८ मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. ग्रेस १९३३ मध्ये वारल्या.

आपल्या पिढीतले कितीतरी जण गिरणीत, रेल्वेच्या वर्कशॉपात, गोदीत राबले. कापसाची धूळ, अ‍ॅस्बेस्टॉसचा भुगा छातीत गेला. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार तीस-चाळीस वर्षांनीही डोकं वर काढतो. दम लागला की आपण वयावर ढकलतो आणि पूर्वी काय काम करत होता, हे डॉक्टर विचारतीलच असं नाही. म्हणून आपणच सांगावं. कारखान्याचं नाव, खातं, कामाचा प्रकार आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे एका कागदावर लिहून जुन्या एक्स-रेच्या पाकिटात ठेवा. मुलांनाही ते पाकीट कुठे आहे, ते दाखवून ठेवा.