चित्रप्रदर्शन कसें पाहावें?

मुंबईंतील बहुतेक कुटुंबांस राणीची बाग व चौपाटी हीं स्थळें ठाऊक असतात. परंतु आपल्याच काळांतील चित्रकारांचीं नवीं चित्रें ह्या शहरांत वर्षभर पाहावयास मिळतात, हें फार थोड्यांस माहीत असतें. ज्यांस माहीत असतें, त्यांपैकींही पुष्कळ जण ‘तें आपणांस कळावयाचें नाहीं’ असें म्हणून दारावरूनच परततात. त्या दाराच्या आंत कसें जावें व गेल्यावर काय करावें, हें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

आरंभ काळ्या घोड्यापासून करावा. सातव्या एडवर्ड बादशहांचा अश्वारूढ पुतळा पूर्वीं येथें होता; परंतु लोकांनीं बादशहांस सोडून घोड्याचेंच नांव ह्या भागास दिलें. १९६५ सालीं पुतळा हलविण्यांत आला, तरी नांव टिकलें. आणि २०१७ सालीं तेथें स्वार नसलेला नवा काळा घोडा उभारण्यांत आला. जवळच जहांगीर कलादालन आहे. तें सर कावसजी जहांगीर ह्यांच्या देणगींतून १९५२ सालीं सुरू झालें. तेथें प्रवेशास पैसे पडत नाहींत व प्रदर्शनें बहुधा आठवड्यानें बदलतात. तेथून जवळच असलेल्या १९११ सालच्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्यें १९९६ सालापासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिकडे भायखळ्यास, राणीच्या बागेच्या आवारांत, १८७२ सालीं उघडलेलें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. २००८ सालीं जीर्णोद्धार होऊन तें पुन्हां खुलें झाल्यावर तेथें जुन्या वस्तूंच्या शेजारीं आजच्या कलावंतांचीं प्रदर्शनेंही भरविण्यांत आलीं आहेत.

चित्रकला हा श्रीमंतांचा छंद आहे, असा समज कोणी करून घेऊं नये. १९४७ सालीं मुंबईंत कांहीं तरुणांनीं ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ नांवाचा संघ काढला व आपल्या चित्रकलेस नवें वळण दिलें. त्यांपैकीं आरा हे लहानपणीं मुंबईस येऊन मोटारी धुण्याचें व घरकामाचें काम करीत होते. हुसेन ह्यांनीं सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरलें होतें.

आतां आमचीच एक चूक सांगतों. गेल्या हिंवाळ्यांत आम्हीं नववीच्या मुलांस एका प्रदर्शनास नेलें. एका मोठ्या चित्रांत तपकिरी रंगाचे थर व अगदीं वर एक बारीक पांढरी रेघ, एवढेंच होतें. ‘हें तर आमचा धाकटाही काढील,’ असें आम्ही म्हणालों आणि मुलें हसलीं. कोपऱ्यांतील खुर्चीवरून एक तरुण उठून आला. चित्र त्याचेंच होतें. तो रागावला नाहीं. ‘सर, दोन मिनिटें उभे राहून पाहाल का?’ एवढेंच म्हणाला. आम्ही ओशाळून उभे राहिलों. कांहीं वेळानें, वर्गांत कधीं न बोलणारा एक मुलगा हळूच म्हणाला, ‘सर, गांवीं विहीर खणली तेव्हां खालून वर पाहिलें कीं असेंच दिसे.’ चित्रकार चित्राकडे पाहत राहिला. ‘विहीर माझ्या मनांत नव्हती,’ तो म्हणाला, ‘पण आतां मलाही ती दिसूं लागली.’ आमच्या एका थट्टेनें त्या मुलाचें तोंड कायमचें मिटलें असतें, ह्या विचारानें आम्ही अद्यापि लाजतों.

त्या दिवसापासून आम्ही मुलांस पुढील रीत सांगतों. पन्नास चित्रें भरभर पाहूं नयेत, पांचच पाहावीं. प्रथम चित्राखालील पाटी वाचूं नये. दुरून सबंध चित्र पाहावें, मग जवळ जाऊन रंग कसा लावला आहे तें पाहावें. हात मात्र लावूं नये. नजर आधीं कोठें जाते व शेवटीं कोठें थांबते, तें ध्यानांत घ्यावें. मग पाटी वाचावी : चित्राचें नांव, साल, रंग तैलरंग कीं जलरंग. चित्रकार तेथें असल्यास नम्रपणें प्रश्न विचारावा. बहुतेकांस त्याचा आनंदच होतो. घरीं आल्यावर जें आठवेल तें वहींत चार ओळींत लिहावें. एखादें चित्र मुळींच आवडलें नाहीं, तर तेंही लिहावें. परंतु कां आवडलें नाहीं, हें लिहिल्यावांचून सोडूं नये.

पालकांस एवढीच विनंती, कीं सुट्टीचा एखादा दिवस ह्या कामीं द्यावा. ‘ह्याचा परीक्षेंत काय उपयोग?’ असें मुलास विचारण्यापूर्वीं त्याच्या शेजारीं दोन मिनिटें उभें राहावें, आणि त्याला काय दिसतें तें आधीं त्यालाच बोलूं द्यावें.