दुर्बिणीतली फुली आणि बंदुकीची गोळी

जत्रेत फुगे फोडायची बंदूक तुमच्यापैकी पुष्कळांनी हाती धरली असेल. तिच्या नळीच्या टोकाशी जो बारीक उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात, आणि डोळ्याच्या बाजूला एक खाच असते. खाचेत माशी आणि माशीवर फुगा असे तिन्ही एका रेषेत आणून चाप ओढायचा, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसतात का? दिसत नाहीत. खाच डोळ्याजवळ, माशी हातभर दूर आणि फुगा तर कित्येक मीटर पलीकडे. डोळ्यातले भिंग एका वेळी एकाच अंतरासाठी जुळवून घेऊ शकते. फुगा स्पष्ट दिसला की माशी धूसर, आणि माशी स्पष्ट दिसली की फुगा धूसर!

रायफलीवर दुर्बीण बसवतात ती मुख्यतः ही अडचण दूर करण्यासाठी. वस्तू मोठी दिसते, हा फायदा माझ्या मते दुय्यम आहे.

केप्लर यांनी १६११ साली वर्णन केलेल्या दुर्बिणीत दोन बहिर्वक्र भिंगे असतात. पुढचे पदार्थभिंग दूरच्या वस्तूची लहान व उलटी, परंतु वास्तव प्रतिमा नळीच्या आत तयार करते. ती प्रतिमा आपण नेत्रभिंगातून मोठी करून पाहतो. ही प्रतिमा जिथे पडते नेमक्या त्याच प्रतलात दोन बारीक तारांची फुली ठेवली, तर नेत्रभिंगातून दोन्ही सारख्याच स्पष्ट दिसतील. ही गोष्ट १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज ज्योतिर्विदाच्या लक्षात आली, आणि तीही एका कोळ्यामुळे! त्याच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ओढला होता. तो नेमका प्रतिमेच्या जागी आल्यामुळे बाहेरच्या दृश्याइतकाच स्पष्ट दिसला. बिचारा गॅस्कॉइन १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. फुली असलेली दुर्बीण बंदुकीवर नीट बसायला मात्र आणखी सुमारे दोनशे वर्षे लागली. रायफलीच्या दुर्बिणीत या दोन भिंगांच्या मध्ये आणखी भिंगे असतात. ती उलटी प्रतिमा सुलटी करतात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला पहिली रायफल मिळाली आहे असे समजा. तिकडे ही पहिली रायफल बहुधा पॉइंट टू-टू बोअरची असते. तिची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि ती सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. (आपल्याकडे अशा रायफलीला परवाना लागतो आणि वन्य प्राण्यांच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. तेव्हा आपल्यापुरता हा विषय नेमबाजीच्या मैदानावरचा.)

या मुलाने दुर्बीण कोणती घ्यावी? दुर्बिणीवर ४ × ३२ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा विशालनाचा, दुसरा पदार्थभिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. ३२ ला ४ ने भागा. आलेले ८ मिलिमीटर म्हणजे नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते, अंधारात सात मिलिमीटरपर्यंत मोठी होते. म्हणजे ४ × ३२ मधून कोणत्याही उजेडात बाहुली पुरती भरते आणि डोळा थोडा हलला तरी दृश्य नाहीसे होत नाही. त्याच व्यासाच्या दुर्बिणीचे विशालन ९ केले तर शलाका साडेतीन मिलिमीटरची उरते. दृश्याचा विस्तार कमी होतो आणि हाताचा कंपही नऊपट दिसू लागतो. नवशिक्याला तो कंप पाहूनच घाम फुटतो! मला विचाराल तर पहिल्या रायफलीला चारपट पुष्कळ झाले.

मोठे दिसणे म्हणजे अचूक नेम, असा समज असेल तर एक गोष्ट सांगतो. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत विशालन करणारी दुर्बीण बंदुकीवर लावता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तिथे डोळ्यापुढे एक बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाशी एक कडे असते. सूचीछिद्र कॅमेऱ्यात जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट उमटते, हे तुम्ही शिकला आहात. खाच आणि माशीची अडचण तिथे छिद्र सोडवते, इथे दुर्बीण.

दुर्बीण निवडताना आणखी एक आकडा महत्त्वाचा, आणि विकणाऱ्याला तो बहुधा कोणी विचारत नाही. पदार्थभिंगाने केलेली प्रतिमा फुलीच्या प्रतलात पडते ती एका ठरावीक अंतरावरच्या वस्तूची. वस्तू त्याहून जवळ असेल तर प्रतिमा फुलीच्या थोडी मागे पडते. मग डोळा डावी-उजवीकडे हलवला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. प्रयोगशाळेत टाचण्या लावून भिंगाचे नाभीय अंतर काढताना तुम्ही जो पॅरॅलॅक्स, म्हणजे पराशय, घालवता तोच हा. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांसाठी जुळवलेल्या असतात आणि पॉइंट टू-टूसाठीच्या सुमारे ५० यार्डांसाठी.

याने चूक किती होईल? ३२ मिलिमीटर व्यासाचे पदार्थभिंग हा पाया आणि १०० मीटरवर टोक, असा एक लांबट शंकू कल्पा. डोळा कुठेही ठेवला तरी नेमाची रेषा या शंकूतूनच जाते. डोळा अगदी कडेला असेल तर भिंगापाशी ती मध्यापासून १६ मिलिमीटर बाजूला असते आणि १०० मीटरवर शून्य. समरूप त्रिकोणांवरून २५ मीटरवर ती १६ च्या तीन-चतुर्थांश, म्हणजे १२ मिलिमीटर बाजूला राहील. बाकी सारे बिनचूक असूनही गोळी सव्वा सेंटिमीटर चुकेल! ५० मीटरला जुळवलेल्या दुर्बिणीत हीच चूक ८ मिलिमीटर होते. डोळा मधोमध ठेवला तर ती कुठल्याच दुर्बिणीत होत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दुर्बीण आपल्याला फक्त एक सरळ रेषा दाखवते. गोळी त्या रेषेने जात नाही. गोळी सुटते नळीतून, आणि नळी दुर्बिणीच्या मध्यापासून सुमारे ४ सेंटिमीटर खाली असते. शिवाय नळीबाहेर पडताच गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते. हवेचा रोध सोडून दिला तर ५० मीटर जायला तिला ०.१५ सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती सव्वाअकरा सेंटिमीटर खाली येते. म्हणजे ५० मीटरवर फुलीच्या मध्यावर लागायची असेल, तर नळीचे तोंड दुर्बिणीच्या रेषेच्या मानाने किंचित वर हवे. किती? ५० मीटरमागे ४ अधिक सव्वाअकरा, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर. हा कोन अंशाच्या सहाव्या हिश्श्याहून किंचित जास्त भरतो.

या मांडणीत गोळी १० मीटरवर नेमाच्या रेषेच्या १.४ सेंटिमीटर खाली असेल. १८ मीटरच्या सुमारास ती रेषा ओलांडून वर जाईल, २५ मीटरवर ८ मिलिमीटर वर असेल, ५० वर पुन्हा रेषेवर येईल आणि १०० मीटरवर साडेअठरा सेंटिमीटर खाली. (हवेचा रोध धरला तर शेवटचा आकडा आणखी वाढतो.) गोळी नळीतून निघाल्यावर आपोआप वर उसळते असे काही लोक सांगतात, ते खरे नाही. नळीच वर रोखलेली असते.

तेव्हा दुर्बीण बसवणे म्हणजे हा छोटासा कोन पक्का करणे. दुर्बिणीची नळी बहुधा एक इंच व्यासाची असते व ती दोन कड्यांत धरली जाते. कडी रायफलीच्या वरच्या खाचणीत घट्ट बसतात. दोन कड्यांत १० सेंटिमीटर अंतर आहे आणि मागच्या कड्याखाली कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे ०.१ मिलिमीटर, धूळ राहिली असे समजा. १०० मिलिमीटरमागे ०.१, म्हणजे हजारास एक. ५० मीटरवर तो फरक ५ सेंटिमीटर झाला! म्हणून खाचण व कडी आधी तेल-ग्रीस पुसून कोरडी करायची. स्क्रू एकदम न आवळता थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. जोर करून आवळले तर दुर्बिणीच्या ॲल्युमिनियमच्या नळीला चेप बसतो.

आवळण्यापूर्वी दोन गोष्टी पाहायच्या. रायफल रिकामी आहे याची खात्री प्रथम, हे वेगळे सांगायला नको. डोळे मिटून गाल दस्त्यावर सहज टेकवावा आणि मग डोळे उघडावे. दृश्याचे वर्तुळ पूर्ण, कडेला काळी सावली नसलेले दिसले पाहिजे. तसे नसेल तर मान नव्हे, दुर्बीण मागे-पुढे सरकवावी. डोळा आणि नेत्रभिंग यांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर मुद्दाम ठेवलेले असते. पॉइंट टू-टूचा धक्का अगदी कमी, पण मोठ्या रायफलीवर डोळा जवळ ठेवणाऱ्याची भुवई फुटते. दुसरी गोष्ट म्हणजे फुलीची उभी तार. दूर ओळंबा टांगून, रायफल सरळ धरून, ती तार दोरीशी जुळवावी. रायफल ५ अंश कलती राहिली तर ५० मीटरवर गोळी सुमारे एक सेंटिमीटर बाजूला जाते. नळी वर रोखल्याची भरपाई मग तिरकी होते, आणि गुरुत्वाकर्षण तर सरळ खालीच ओढते.

यानंतरची बारीक जुळवणी दुर्बिणीवरच्या दोन चकत्या करतात. एक क्लिक म्हणजे बहुधा मिनिटाचा चौथा हिस्सा. इथे मिनिट कोनाचे, अंशाचा साठावा भाग. ५० मीटरवर तो ३.६ मिलिमीटर होतो. तीन ते पाच गोळ्या झाडून त्यांच्या खुणांचा मध्य काढायचा. तो ४ सेंटिमीटर खाली असेल तर अकरा क्लिक वर. एकाच गोळीवरून चकती फिरवू नये. ती गोळी चुकली की हात चुकला, हे कळायला मार्ग नसतो.

स्प्रिंगच्या एअर रायफलीला मात्र तिच्यासाठीच बनवलेली दुर्बीण हवी. तिच्यातला जड दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे जाते आणि दट्ट्या पुढे आदळून थांबताच बंदूक पुढे झटका खाते. साध्या दुर्बिणी फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून बनवलेल्या असतात. या दुहेरी हिसक्याने त्यांच्यातली भिंगे सुटतात आणि कडीही हळूहळू सरकतात.

जाता जाता एक गणित. मोठे पदार्थभिंग नळीला टेकू नये म्हणून कोणी उंच कडी घेतली आणि दुर्बीण ४ ऐवजी ६ सेंटिमीटर उंच बसली. ५० मीटरवरचा नेम तोच ठेवला, तर गोळी नेमाची रेषा पहिल्यांदा किती मीटरवर ओलांडेल? हवेचा रोध सोडून द्या आणि गुरुत्व त्वरण ९.८ घ्या. उत्तर २६ ते २७ मीटरच्या दरम्यान आले पाहिजे.